मागेल त्याला किल्ली

इंझोरीच्या आमच्या घरी ओसरीतल्या खिळ्याला मोटरघराची किल्ली टांगलेली असायची. विहीर आमची, पण शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्या काकांच्या मिरचीलाही तिचंच पाणी. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात सासऱ्यांनी ती खणली, तेव्हा काकाही कुदळ घेऊन खाली उतरले होते म्हणे. ते यायचे, किल्ली काढायचे, जायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ओरडत होते, किल्ली आत ठेवा, कोण येतं कोण जातं. आमचे हे हसायचे. ‘‘मांगणाऱ्याले कायले पुसाचं?’’

हे पुण्याची नोकरी सोडून गावी आले होते आणि घरूनच कॉम्प्युटरचं काम करत. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर नव्या अक्षरांत आणणारं एक पॅकेज त्यांनी लिहून फुकट वाटलं होतं. पॅकेज म्हणजे प्रोग्रामचा तयार तुकडा. दुसरे लोक तो आपल्या कामात जसाच्या तसा बसवतात. कुठले कुठले छापखाने, कचेऱ्या तो वापरत. आभाराचे ईमेल आले की ह्यांचा चेहरा खुलायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण तो चेहरा फार आवडायचा.

एक परका माणूस वर्षभर त्यांना लहानसहान दुरुस्त्या पाठवत राहिला. मोठा गोड लिहायचा. मग म्हणाला, तुमच्यामागे कामं फार, नव्या आवृत्त्या मीच काढत जातो, तेवढा अधिकार द्या. ह्यांनी देऊन टाकला. ज्याचं कधी तोंडही पाहिलं नाही अशा माणसाला! मी चिडले तर म्हणाले, ‘‘एवढं काम केलं त्यानं. आता मांगते, तं त्याले नाही कसं म्हणू?’’

पुढच्याच आवृत्तीत त्या मेल्याने चोरटा कोड घुसवला. जो ती घेईल त्याच्या कॉम्प्युटरमधले पासवर्ड गुपचूप बाहेर जाऊ लागले. सगळ्यांसाठी इशारा निघाला, त्यात ह्यांच्या पॅकेजचं नाव. नेमकी गावात लाइट नव्हती. हे गाडी काढून मानोऱ्याला गेले, एका मोबाइलच्या दुकानात स्टुलावर बसून त्यांनी तो कोड उपटला, त्या माणसाला हाकललं आणि दुपारीच पॅच, म्हणजे दुरुस्त आवृत्ती, सोडला. पण लोकांनी पॅच घेतलाच नाही, पॅकेजच काढून टाकलं. कोणीतरी त्याचीच नक्कल नव्या नावाने चालवायला घेतली, सगळे तिकडे गेले. ह्यांना कोणी साधं विचारलंही नाही. पासवर्ड लोक बदलतात हो. माझा जीव तुटतो तो ह्यांच्यासाठी.

उन्हाळ्यात एका सकाळी काका आले. खिळा रिकामा.

‘‘बापू, किल्ली कुठी हाय?’’

ह्यांचा हात खिशावर गेला. ‘‘कायले पायजे?’’

‘‘कायले म्हंजे? मिरचीले पानी द्याले.’’

‘‘थांबा, मी येतो संगं. मीच उघडून देतो.’’

काका म्हणाले, ‘‘राहू दे, बापू.’’ आणि पायरी उतरून गेले. मी त्यांच्यासाठी चहा टाकला होता.

ते पुन्हा पाणी मागायला आले नाहीत. किल्ली आता आत असते, माझ्या मनासारखी. मी रोज म्हणते, अहो, खिळ्याला लावा ना ती. हे ऐकत नाहीत.