देवाची मूठ

लढाईच्या महागाईतही देवपुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मुठीची चाल होती. रोज दळायला बसण्याआधी प्रत्येक बाईने मूठभर ज्वारी देवाच्या मडक्यात टाकायची आणि रविवारी ते मडकं उपासनेला आणायचं. मडकी रिकामी करायचं काम माझं.

एका विधवेचं मडकं दर रविवारी काठोकाठ भरलेलं असायचं. ती मिशनच्या बोर्डिंगात दळण दळायची. ही बाई पोरांच्या तोंडचं धान्य चोरते आणि वर देवापुढे मिरवते, असं मी ठरवूनच टाकलं होतं. देव करेल तिला माफ, मी करणार नव्हते.

एका सकाळी न सांगता तिच्या दारात जाऊन उभी राहिले. सुपात दळणाच्या मजुरीत मिळते तेवढीच ज्वारी होती. तिने त्यातली एक मूठ बाजूला काढली आणि उरलेली सगळी मडक्यात ओतली. ती एक मूठ तेवढी तिची स्वतःची होती.

तेवढ्यात मी तिला दिसले. माझा पडलेला चेहरा पाहून तिने भलताच अर्थ काढला.

"अक्का, घरमा दाना नही शे का?" म्हणाली, आणि ती मूठ तिने माझ्या पदरात टाकली.