जोंधळे लावलेला पृथ्वीगोल

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीच्या समारंभात बोलायला उभा राहिलो तेव्हा ती ओठांवर आली होती, तरी टाळलं. आता मी नाही सांगितली तर दुसरं कुणी सांगू शकणार नाही, कारण त्या संध्याकाळी त्या खोलीत मी एकटाच होतो.

आमच्या शाळेचे शिपाईमामा फोन लावण्याआधी उजव्या हाताची मूठ वळायचे. मूठ म्हणजे पृथ्वी, डाव्या हाताचं बोट म्हणजे सूर्य. मूठ जराशी कलती धरून सावकाश फिरवायची आणि स्वतःलाच विचारायचं, "आत्ता उजेड कुणाकडं हाय?" उत्तर मनासारखं आलं तर फोन, नाहीतर तो परत खिशात.

त्यांचा एकुलता एक मुलगा न्यूझीलंडला गायींच्या मोठ्या गोठ्यावर कामाला होता. "हितं उचगावात चार म्हशी, तितं चारशे गायी," मामा अभिमानानं सांगायचे. "पर टाइम जुळंना बघा. मी सकाळी म्हशीखाली असतोय तवा त्यो कामावर, आन मी शाळा सुटल्यावर मोकळा हुतोय तवा त्यो झोपल्याला."

मी भूगोल शिकवायचो. नकाशांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असे. एकदा मामांनी माझ्याकडून जगाच्या लोकसंख्येचा टिंबांचा नकाशा मागून नेला. जिथं माणसं जास्त तिथं टिंबं दाट, असा तो नकाशा. कशाला हवा, हे मी विचारलं नाही. शिपायाला नकाशा कशाला लागतो, एवढंच मनात आलं असावं.

जुलैच्या सुरुवातीला एका दुपारी ते शिक्षकांच्या खोलीत आले. काखेत शाळेचा जुना पृथ्वीगोल, त्यावर टॉवेल. टॉवेल काढला आणि आम्ही बघतच राहिलो. गोलावर पिठाच्या खळीनं जोंधळे चिकटवले होते, एका टिंबाला एक दाणा. आपल्याकडे आणि चीनकडे बोट ठेवायला जागा नाही, आणि मागचा प्रशांत महासागर बोडका.

"सर, ह्या दिसांत दुपारी पावणेपाचला जगातली जवळजवळ समदी माणसं उजेडात असत्यात," मामा म्हणाले. "आपल्याकडं दुपार, अमेरिकेत सकाळ, जपानात दिवेलागण."

मी हसलो. "मामा, अर्धी पृथ्वी उजेडात, अर्धी अंधारात. पाचवीचं पोरगं सांगेल."

"पृथ्वी अर्धीच, सर. पर माणसं कुठं सारखी वाटल्यात? अंधारात निस्तं पाणी ऱ्हातंय. आन झुंजुमुंजुबी उजेडच की. मी धार त्याच उजेडात काढतोय."

"मग सगळं जग काय तुमच्या गोठ्यात बांधलंय?"

खोलीत हशा पिकला. मामाही हसले. मग त्यांनी गोल फिरवला आणि खालच्या कोपऱ्यातल्या एकुलत्या एका दाण्यावर बोट ठेवलं. "ह्यो आमचा. समदी उजेडात, आन ह्यो तेवढा अंधारात. म्हणून म्हटलं, उद्या पावणेपाचला एक टोल देऊ द्या. फोन घंटंजवळ धरतो. जागा ऱ्हातो म्हणालाय त्यो."

"शाळेची घंटा तुमच्या घरची नाही," मी म्हणालो. "आणि हा गोल धुऊन जागेवर ठेवा."

हे मी इतक्या जोरात का म्हणालो, मला अजून नीट कळलेलं नाही. राग कशाचा होता? गोल खराब झाल्याचा म्हणावं, तर त्याला कुणी वर्षानुवर्षं हात लावत नव्हतं.

शाळा सुटली. मामा गोल माझ्या टेबलावर ठेवून गेले. का ठेवला? मी बघावा म्हणून, की धुवायला हात उचलला नाही म्हणून? तेही मला माहीत नाही. मी तो घेऊन नकाशांच्या खोलीत गेलो, दार लावलं, खिडकी ओढून घेतली आणि कपाटातली बॅटरी काढली. गोलाचा उत्तरेचा भाग उजेडाकडे कलता केला, जुलैत असतो तसा. मग सावकाश फिरवत गेलो. गोलावर मामांनी खडूनं एक रेघ मारून ठेवली होती, पावणेपाचच्या झुंजुमुंजूची. ती उजेडाच्या कडेला लागून बाहेर आली तिथं हात थांबला. उजेडात आणि त्या रेघेच्या आत जवळजवळ सगळे जोंधळे आले होते. बाहेर उरले ते थोडे, ऑस्ट्रेलियाकडचे, आणि त्यांच्याही पलीकडे तो एक. गोल अर्धाच उजळलेला होता, मी पुन्हा पुन्हा पाहिलं. अर्धाच. आणि माणसं जवळपास सगळी. तीस वर्षं मी जे वाक्य फळ्यावर लिहीत आलो ते खोटं नव्हतं, आणि मामाही खोटं बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी विचारलं, "गोल बघितलासा का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "वेळ नव्हता. धुऊन टाका."

त्यांनी तो नळाखाली धुतला. दाणे सुटून मोरीत पडले आणि चिमण्या आल्या. पावणेपाचला मी वर्गाच्या दारातून पाहिलं. मामा घंटेजवळ उभे होते, एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात फोन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. पाच वाजेपर्यंत टोल पडला नाही. पुढं त्यांनी मूठ वळून उजेड शोधलेला मी कधी पाहिला नाही.

गेल्या जुलैत आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी तीच गोष्ट टाकली. आज दुपारी जवळजवळ सगळी माणसं एकाच वेळी उजेडात! खाली मला प्रश्न होता, "भूगोलवाले सर, हे खरं आहे का?" मी लिहिलं, "हो." मामांचं नाव लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र रिक्षा करून उचगावला गेलो. मामांच्या दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "शाळंतलं मामा व्हय, पावणं? ते गेलं की पोराकडं. म्हशीबी इकल्या." तिनंच नंबर लिहून दिला.

चार दिवसांनी सकाळी फोन लावला. त्याआधी मीच मूठ वळून पाहिली. तिकडे दुपार होती.

"सर?" मामांनी आवाज ओळखला. "उजेड हाय न्हवं तिकडं?"

"पाऊस आहे," मी म्हणालो.

मग ते थंडीबद्दल बोलले, नातवाबद्दल, गायींबद्दल. घंटा आता बटणावर वाजते, हे मी सांगितलं. ते हसले. "बरं झालं, सर. ठेवतो मग," म्हणाले आणि फोन बंद झाला.

माझ्यासमोर कागद होता. त्यावर फोनवर सांगायच्या म्हणून मी दोनच ओळी लिहून ठेवल्या होत्या.

मामा, तुमचं बरोबर होतं. मी त्याच संध्याकाळी पाहिलं होतं, मला माफ करा.