सावरटोल्याच्या तलावावर मागे तोंड करून

मालवणहून निघताना आईनं माझ्या पिशवीत सोलं (आमसुलं), सुके बांगडे आणि एक नारळ भरला. एसटीत चढवताना म्हणाली, “दत्तूक सांग, बापूस आता नाय. आता येवक हरकत नाय.” (दत्तूला सांग, वडील आता नाहीत. आता यायला हरकत नाही.)

दत्तू माझा धाकटा भाऊ. बंदरातल्या लाँचवर इंजिन चालवायचा. गावच्या सरकारी दवाखान्यात नागपूरची एक नर्स बदलून आली, सुमन तिचं नाव. तिच्या घरच्यांनी छप्पन्न साली नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारलेला. दत्तूनं तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा वडिलांनी तिच्या देखत त्याला घराबाहेर काढलं. मी तेव्हा दारातच उभी होते. शाळेत मुलांना समतेचा धडा शिकवणारी मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. दोघं नागपूरला गेली. त्याला अठरा वर्षं झाली. वर्षाकाठी एक कार्ड यायचं, त्यात हवापाण्यापलीकडे काही नसायचं. पावसाळ्यात वडील गेले, ते दत्तूला कार्डानं कळवलं आणि नाताळच्या सुट्टीत मी निघाले.

कोल्हापूरला आगगाडीत बसले ती दुसऱ्या दिवशी उजाडताना वर्ध्याच्या आसपास जागी झाले. बाहेर काळीभोर जमीन, कापसाची पांढरी शेतं आणि त्यावर धुकं. इतका वेळ प्रवास करूनही कुठं खारा वास नाही, याचं मला उगाच वाईट वाटलं. हा माणूस इतकी वर्षं श्वास कसा घेत असेल?

नागपूर स्टेशनबाहेर कडाक्याची थंडी होती आणि संत्र्यांचे ढीग लागले होते. सायकलरिक्षावाल्यानं विचारलं, “कुठं जाता बाई?”

“नंदनवन.”

“नवीन दिसून राहिल्या. कोनाकडे?”

“भावाकडे.”

“मंग रडून काहून राहिल्या? भावाकडे तं हसत जातेत लोक.”

थंडीनं डोळ्यांत पाणी आलंय, असं मी सांगितलं. त्यानं आपल्या खांद्यावरचं घोंगडं काढून माझ्या पायांवर टाकलं आणि पायडल मारायला लागला.

दार दत्तूनंच उघडलं. केस पांढरे झालेले, खांदे मात्र तसेच लाँचवाल्याचे. क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, “मले वाटलंच होतं, तू येशील.”

मले! आमच्या घरात ‘माका’ म्हणतात. अठरा वर्षं किती लांब असतात ते मला त्या एका शब्दानं कळलं. त्यालाही ते जाणवलं असावं. खाली बघत त्यानं विचारलं, “आवस कशी असा?” (आई कशी आहे?)

“बरी असा. डोळ्यांनी कमी दिसता.”

एवढंच बोलणं झालं. सुमननं पाण्याचा तांब्या आणून दिला. ती माझ्याशी सभ्यपणे वागली, पण परक्या माणसाशी वागावं तशी. त्यांची मुलगी गौतमी दहावीच्या पुस्तकातून मान वर करून म्हणाली, “आत्या, तुम्ही बाबासारख्याच दिसता.” पंधरा वर्षांची माझी भाची मी पहिल्यांदा बघत होते.

जेवायला सुमननं सांभारवड्या केल्या होत्या. इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी वडीत आमटी शोधत राहिले तेव्हा गौतमी हसून लोटपोट झाली. मग सुमनही थोडी हसली. मी आणलेले बांगडे मात्र दत्तूनं स्वतः भाजले. पहिला घास तोंडात घातला आणि उठून मागच्या अंगणात गेला. बराच वेळ आलाच नाही.

आईचा निरोप मी त्या दिवशी सांगितला नाही. धीर झाला नाही.

दत्तू आठवडाभर एका गॅरेजात फिटरचं काम करायचा. रविवारी मात्र दोघं नवरा-बायको सावरटोल्याच्या तलावावर जात. तिथं दत्तूची स्वतः जुळवलेली मोटरबोट होती. बोटीमागे दोर बांधून ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब ओढायची आणि ट्यूबवर बसलेल्या हौशी लोकांना तलावात फेरी मारून आणायची, असा तो उद्योग. रविवारी मीही निघाले. खापरखेड्याच्या वीजकेंद्राची धुराडी मागे पडली, पुढे संत्र्याच्या बागा लागल्या आणि एका वळणावर एकदम पाणी दिसलं. मी नकळत ‘हां’ केलं असावं, कारण दत्तू वळून म्हणाला, “माका पण पहिल्यांदा तसाच झाला होता.”

तलाव मोठा, पण रविवारच्या गर्दीला अपुरा. भाड्याच्या वल्ह्याच्या होड्या, ढिवरांचे (मासेमारांचे) अरुंद डोंगे, काठाशी डुंबणारी मुलं. शिवाय दुसऱ्या एका मालकाची नवीकोरी मोटरबोट होती. ती एकदम दोन-दोन ट्यूबा ओढत भरधाव फिरत होती. तिच्याकडे रांग लागली होती. दत्तूकडे चारच माणसं.

“तुझ्याकडे कोणी का येत नाही?” मी विचारलं.

उत्तर सुमननं दिलं. “आम्ही अगोदर शिकवतो, मंग बसवतो. लोकायले तेवढा दम नाही.”

कॉलेजातल्या दोन मुली पुढे आल्या, धरमपेठेतल्या. सुमननं त्यांना केशरी कापडाच्या बंड्या घातल्या. थर्मोकोलचे तुकडे भरून तिनं त्या घरीच शिवल्या होत्या. बंद ओढून बघितले, पुन्हा ओढले. “दोर हाताले गुंडाळायचा नाही, नुसता धरायचा. भीती वाटली तर हात वर, आम्ही थांबतो. पाण्यात पडलीस तरी हात वर. काठाकडे पोहत जायचं नाही, जागेवरच राहायचं. आम्ही येऊ.”

“आणि तुम्हाला दिसलंच नाही तर?” उंच मुलीनं थट्टेनं विचारलं.

“मी पाहूनच राहते न वं,” सुमन म्हणाली. “हे पुढं पाहतेत, मी मागं.”

खरंच, बोटीत एक फळी उलटी बसवली होती. त्यावर बसणाऱ्याचं तोंड ट्यूबकडे. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही म्हणून हातात एक लाल फडकं. ते हलवलं की दत्तू बोट थांबवणार. सुमन बोटीत चढणार, एवढ्यात काठावर एका लहान मुलाचा पाय काचेनं कापला आणि लोकांनी “सिस्टरबाई” म्हणून तिला हाक मारली. ती थबकली.

“मी बसते,” मी म्हणाले. “नुसतं बघायचं तर आहे.”

सुमननं माझ्याकडे नीट पाहिलं. “नुसतं नाही बाई. ट्यूबवरून डोळा हलवायचा नाही. पापणीसुद्धा जपून लववायची.”

मी लाल फडकं घेतलं आणि उलट्या फळीवर बसले.

पहिली फेरी छान झाली. दत्तू काठापासून आणि डोंग्यांपासून लांब राहून, वळणावर वेग कमी करून बोट चालवत होता. मुली किंचाळत होत्या, हसत होत्या. पाण्याचे तुषार तोंडावर आले आणि मला लाँचचे दिवस आठवले. दत्तू सोळा वर्षांचा असताना तांडेल (लाँचचा प्रमुख) त्याला सुकाणू धरू देई, तेव्हा तो एक गाणं गुणगुणायचा. आताही इंजिनच्या आवाजात मला तेच ऐकू आल्यासारखं वाटलं. मी मान वळवली. तो खरंच गात होता. पाठमोरा, पांढऱ्या केसांचा, गाणारा माझा भाऊ. आईचा निरोप सांगायला याहून बरी वेळ मिळणार नाही, असं मनात आलं. मी त्याच्याकडे बघत राहिले.

किती वेळ बघत राहिले, ते सांगता येणार नाही. पाच आकडे मोजण्याइतका, किंवा पंधरा.

पुन्हा मागे वळले तेव्हा ट्यूबवर एकच मुलगी होती. ती जिवाच्या आकांतानं मागे बोट दाखवत होती. उंच मुलगी लांब पाण्यात होती, केशरी ठिपक्याएवढी. आणि नवी मोटरबोट थेट तिच्या दिशेनं येत होती. ती चालवणारा माणूस मान वळवून स्वतःच्या ट्यूबांवरच्या लोकांशी हसत होता. त्याच्याकडे पुढं बघणारा कोणी नव्हता आणि मागं बघायला वेगळा माणूसही नव्हता.

हातातलं फडकं मी विसरलेच. “दत्तू!” एवढंच ओरडले.

त्यानं एकदा पाहिलं. पुढचं सगळं फार झटकन झालं. त्यानं सुरी काढून ट्यूबचा दोर कापला, म्हणजे ट्यूबवरची मुलगी जागच्या जागी तरंगत राहिली. मग बोट वळवून पूर्ण वेगानं नेली आणि पाण्यातली मुलगी आणि ती नवी बोट यांच्या मध्ये आडवी घातली. मुलगी जवळ येताच इंजिन बंद केलं. माझ्या हातातलं फडकं ओढून तो उभा राहिला आणि ओरडत हलवायला लागला. समोरच्या माणसानं शेवटी मान वळवली. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्यानं सुकाणू फिरवलं, पण त्या बोटीचं नाक आमच्या बोटीच्या कडेवर आदळलंच. दत्तूचा डावा हात त्या कडेवर होता.

मी वल्हं पाण्यात धरलं. मुलीनं ते पकडलं. एक म्हातारा ढिवर आपला डोंगा घेऊन आला आणि आम्ही दोघांनी तिला वर ओढलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, मी हात वरच ठेवला होता.”

तिनं सांगितलेलं सगळं केलं होतं.

म्हाताऱ्यानं तिच्या मैत्रिणीलाही आणलं. काठावर सुमननं दत्तूचा हात चाचपला आणि न बोलता पदराची पट्टी फाडून, वल्ह्याचा तुकडा लावून बांधला. हाड मोडलं होतं. दुसऱ्या बोटीचा माणूस पांढराफटक होऊन आला. “मले दिसलीच नाही जी,” तो म्हणाला.

“दिसली नाही काहून म्हणता?” सुमन ताडकन उठली. “पाहिलंच नाही म्हणा! पाण्यात माणसं असताना तुमची नजर कुठं होती?”

त्यानं मान खाली घातली. मीही घातली. मग म्हणाले, “सुमन, मीही पाहिलं नाही. मुलगी पडली तेव्हा मी दत्तूकडे बघत होते.”

दत्तू म्हणाला, “जाऊ दे न.”

“नाही जाऊ द्यायचं,” सुमन म्हणाली. “पोरगी गेली असती.” मग माझ्याकडे न बघता, “तुम्ही स्वतः होऊन सांगितलं. हे बरं केलं.”

दवाखान्यात प्लॅस्टर घालून आम्ही घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात बसून मी आईचा निरोप सांगितला. दत्तू आपल्या पांढऱ्या हाताकडे बघत ऐकत होता. सुमनच बोलली. “आता महिना-दीड महिना हातानं काही होणार नाही. जाऊन या मायले भेटून.”

“आणि तू?” दत्तूनं विचारलं.

“मले कोनं बोलावलं? निरोपात माझं नाव आहे?”

नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी दारात उभी असताना जे बोलायला हवं होतं ते मी आत्ता बोलायला गेले, तर शब्दच जुळेनात. “तेव्हा मी गप्प बसले,” एवढं कसंबसं म्हणाले. “चुकलं माझं.”

“मी पाहिलं होतं तुम्हाले,” सुमन म्हणाली. “तुम्ही रडून राहिल्या होत्या. मले तेव्हा वाटलं, ही बाई एक शब्द बोलली तर मी सगळं सोसीन.” मग ती उठून चहा टाकायला गेली.

दोन दिवसांनी तिघं मला स्टेशनवर सोडायला आली. सुमननं संत्र्यांची करंडी दिली आणि वाटेत खायला पोळ्या. गाडी हलताना दत्तू खिडकीशी चालत आला. “आवशीक सांग,” तो म्हणाला, “मी एकलो येवचंय नाय.” (आईला सांग, मी एकटा येणार नाही.) अठरा वर्षांनी त्यानं आईला आमच्या बोलीत धाडलेलं हे पहिलं वाक्य, आणि ते नकाराचं होतं. फलाट संपेपर्यंत तो तिथंच उभा होता. सुमन त्याच्या मोडक्या हाताच्या बाजूला, गर्दीचा धक्का लागू नये म्हणून.

घरी आल्यावर आईला मी सगळं सांगितलं. माझी चूकसुद्धा. तिनं पहिल्यांदा विचारलं, “ती पोरगी वाचली मां?” (वाचली ना?) तिसऱ्या दिवशी सकाळी संत्रं सोलता सोलता म्हणाली, “कागद घे. वर सुमनेचा नाव घाल.”

मी घातलं. आईनं चारच ओळी सांगितल्या. त्यात एकदाही दत्तूचं नाव नव्हतं.

मी प्रवासाला निघाले ती भावाला परत आणायला. तो दुसऱ्या गावाचा, दुसऱ्या पाण्याचा झाला आहे, हे बघून आले. त्याची ओढ कमी झालेली नाही, माझीही नाही. पण माणूस नुसत्या ओढीनं येत नाही. त्याला, आणि त्याच्या माणसांना, नावानं बोलवावं लागतं.

काल सुमनचं उत्तर आलं. तिचं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं, टपोरं आणि सरळ. मे महिन्यात रजा मिळाली तर तिघं येतील. गौतमी तलावात उत्तम पोहते, पण तिनं समुद्र पाहिलेला नाही. शेवटी तिनं विचारलं होतं, मे महिन्यात तिथल्या पाण्यात पोरीला उतरवणं बरं आहे का, आणि ती पाण्यात असताना काठावर कोण राहील?

मी आईला वाचून दाखवलं. तिला हल्ली दहा हातांपलीकडचं दिसत नाही.

“लिही,” ती म्हणाली, “मी वेळेर उभी रवतलंय.” (मी किनाऱ्यावर उभी राहीन.)

मी तसंच लिहिलं.