पिंजाऱ्याचं नाक

आमच्या बजाजनगरच्या गल्लीत दरवर्षी दिवाळीआधी एक पिंजारी यायचा. खांद्यावरच्या धनुकलीची तार छेडत यायचा, तीच त्याची हाक. गादी उसवली की आधी मूठभर कापूस नाकाशी धरायचा आणि मगच बोलायचा, "तेल सांडलंय," नाहीतर "ओल लागलीय." कधी चुकला नाही.

त्या वर्षी वडलांच्या गादीला मुताचा वास सुटला होता. सोडा, व्हिनेगर, ऊन, सगळं करून झालं, तरी जाईना. शेवटी हे आमच्या मांजराचंच काम समजून मी त्याला पिशवीत घालून दौलताबादला सोडून आलो होतो. वडील काहीच बोलले नव्हते.

मी पिंजाऱ्याला मांजराचं सगळं सांगितलं. त्यानं कापूस हुंगला. ओट्यावर पाठमोऱ्या बसलेल्या वडलांकडं एकदा पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "मांजराचंच हाय. कापूस बदलून टाकतो."

जाताना मात्र त्यानं मला फाटकापाशी थांबवलं. आवाज एकदम खाली. "भाऊ, ह्यो मांजराचा वास नाय. बाबांच्या गादीवर रबरी चादर टाका, पर त्यांना काय बोलू नका. अन् बिल्लीला घेऊन या."

दौलताबादला मी तीनदा जाऊन आलो. दर वेळी वडील माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडं बघायचे.