कानाने पेटे परतणारा माझा दीर

माझ्या धाकट्या दिराइतका हेकट माणूस अख्ख्या बडोद्यात दुसरा नसेल. असलाच तर त्याची माझी गाठ पडू नये. आजोबा महाराजांच्या फौजेत होते म्हणून हा कोथिंबीर आणायलाही छाती काढून जातो. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात जन्म गेला आणि त्यात नाकही गेलं. गुलाब आणि गटार त्याला सारखेच. तरी बाजारात जुडी नाकाला लावून भाजीवालीला सुनावणार, "बेन, ताजी नथी!" ती ताजीच असते.

पण कोंबडीचे पेटे, म्हणजे तिच्या पोटातल्या त्या चिवट पिशव्या, परतावेत ते त्यानेच. दर रविवारी माझ्या घरी येऊन परतायचा, कारण त्याची घरमालकीण शाकाहारी. मटण-मच्छी शिजवायची नाही, ही भाड्याची अटच. जमिनीवर बसून एकेक पेटा चिरायचा, आतलं पिवळं कातडं नखाने सोलायचा, मीठ-हळद चोळून उकडायचा आणि मग लोखंडी तव्यावर कांदा, लसूण, मिरी घालून परतायचा. वास कळत नाही म्हणून सगळं कानाने. पंखा बंद, टीव्ही बंद, बोलणं बंद. एकदा मी खोकले तर गवयासारखा कळवळला, "वहिनी, घालवलात ना आवाज!" चरचर कोरडी झाली की लगेच गॅस बंद. चव कधी चुकली नाही, हे मात्र खरं.

मग त्याच्या बायकोला कॅन्सर निघाला. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली, घास उतरेना. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद आली नाही तर पुढचा डोस देता येणार नाही. पेज, मूग, शिरा, सगळं परत जायचं. एका रविवारी आपण होऊन म्हणाली, "पेटे खाईन." माझ्या घरी करून डबा न्या, मी म्हटलं, तर हा म्हणतो, "गार पेट्यांचं चामडं होतं. तव्यावरून ताटातच पाहिजेत."

मग त्याने आपल्या भाड्याच्या घरातच खिडक्या लावल्या, उदबत्त्या पेटवल्या आणि मला जिन्यात उभं केलं. "वास आला तर सांगा." वास गल्लीपर्यंत गेला होता. मी गप्प राहिले. घरमालकीण पदर नाकाला लावून खाली उतरली.

"मासी, आ शेनी वास छे?"

"कोंबडीचा. आजारी बाई खातेय." दाराच्या फटीतून मला दिसत होतं.

"खाय छे?"

"हो, खातेय."

तिने नाकावरचा पदर खाली घेतला. "तो खावा दो," खाऊ दे मग, म्हणाली आणि वर जाऊन तिने दार लावून घेतलं.

पुढचे काही रविवार जाऊ खात राहिली. वजन थोडं वाढलं, तर हा रिपोर्ट घेऊन नातेवाइकांकडे हिंडला. डॉक्टरांनी डोस दिला. तो तिला सोसला नाही. गेली.

दिवस झाल्यावर माझ्या ओट्यावर येऊन बसला. "वहिनी, मी खाऊ घातलं नसतं तर तो डोस दिलाच नसता."

"भाऊजी, ती आजाराने गेली. तिने मागितलं, तुम्ही दिलंत. उपाशी नाही गेली."

त्याने मान हलवली. पटलं नाही. हेकट माणसाला असलं पटत नसतं.

त्यानंतर त्याने गॅस पेटवलेला नाही. रविवारी माझ्याकडे वरणभात जेवतो, ताट धुऊन ठेवतो आणि लवकर निघतो. मी थांबा म्हणत नाही. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभी राहते, एवढंच.