बाकावरची एक ओळ

शिकागोला उतरलो, पण माझी बॅग उतरलीच नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. न्यायला आलेल्या निखिलने गाडीतला कोट पुढे केला. "काका, बाबांचा आहे. घाला." ज्याच्या जाण्यामुळे आलो होतो, त्याचाच कोट अंगात घालून मी शॉमबर्गला त्यांच्या घरी पोहोचलो.

वसंता आणि मी नागपूरच्या कॉलेजात एका वर्गात. इंग्रजीचे सर कविता पाठ करून घेत, तेव्हा डावीकडच्या बाकांनी एक ओळ म्हणायची आणि उजवीकडच्यांनी पुढची. वसंता डावीकडे, मी उजवीकडे. एका रोमँटिक कवीच्या दोन ओळी जिभेवर कायमच्या बसल्या. वसंता अमेरिकेत स्थायिक झाल्यावरही दर रविवारी फोनवर 'हॅलो'ऐवजी त्याची ओळ म्हणे, सांजावलेल्या तळ्याची. मी माझी म्हणे, हाकेला ओ न येण्याची.

सुधावहिनींनी पोहे केले होते. शॉमबर्गमधल्या तळ्याकाठी वसंताच्या नावाचा बाक बसवायचा होता आणि बाकावरच्या पितळी पट्टीवर त्याच दोन ओळी हव्यात, असा वहिनींचा हट्ट होता. मजकूर त्याच दिवशी कळवायचा होता.

निखिल फोनवर कविता शोधत होता. "आई, दीज लाइन्स एकत्र नाहीचेत. मध्ये तीन कडवी आहेत. इट्स राँग. लोक हसतील."

"हसू देत. हे असंच म्हणायचे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षेला नसलेली कडवी सरांनी गाळली असणार. पुढे आम्ही कधी पुस्तक उघडून पाहिलंच नाही! हसू आलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. हे ऐकून सगळ्यात जास्त खिदळला असता तो वसंताच.

"एकच ओळ कोरा, त्याची," मी म्हणालो. "दुसरी तो कधी म्हणतच नव्हता. ती माझी होती."

वहिनी होकारार्थी मान हलवून आत गेल्या. निखिलने मजकूर पाठवला.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो. पाणी गोठलेलं, आकाश मळकट. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "कोणाला शोधताय?" मी बाकाची जागा दाखवली, गेलेल्या मित्राच्या नावाचा बसणार आहे म्हणालो. "सॉरी," म्हणून त्या पुढे गेल्या.

निघायच्या दिवशी बॅग आली. कोट काढून वहिनींच्या हातात दिला.

नागपुरात परतल्यावर रविवारी सवयीने फोनपाशी बसलो. तिकडे तळ्यावर येणारा-जाणारा कोणीही आता वसंताची ओळ वाचेल. माझी ओळ मात्र उत्तराची. समोरून कोणी सुरुवात केल्याशिवाय ती म्हणायची कशी?