तुबलीचा राखणदार

बॅगा गाडीत चढल्या, आईने हातावर दही ठेवलं, मी पासपोर्ट पुन्हा एकदा चाचपला, आणि बाबांनी गाडी विमानतळाच्या उलट दिशेला वळवली. आमचं घर बहारीनच्या मुहर्रकला. गच्चीवर कपडे वाळत घालताना उतरणाऱ्या विमानाची चाकं दिसतात, इतका विमानतळ जवळ. आणि हे निघाले पूल ओलांडून पार तुबलीला. "बाबा, चेक-इन बंद होईल," मी म्हटलं. "दोन मिनटांचा काम," ते म्हणाले. बाबांची दोन मिनिटं मला जन्मापासून माहीत आहेत. मी मागच्या सीटवर धुसफुसत बसले, आई खिडकीबाहेर बघत राहिली.

तुबलीत खाडीच्या कडेला गॅरेजांची रांग आहे. त्यातल्या एका गॅरेजात बाबा मेकॅनिक आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून. गॅरेजच्या मागे एक बुटकी भिंत, भिंतीपलीकडे खाडी. शुक्रवार होता, दुपारची वेळ, सगळी शटरं खाली. उन्हात कुठेही माणूस नव्हता, फक्त एका बंद गाळ्यातला एसी गुरगुरत होता. भिंतीपाशी शिरीकाका नारळ घेऊन उभे होते. शिरीकाका म्हणजे आमच्याच देवगडकडचे, गॅरेजची रिकव्हरी व्हॅन चालवतात. म्हणजे सगळं आधीच ठरलेलं होतं, फक्त मला सांगितलं नव्हतं.

ज्यांना कोकण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे प्रत्येक जाग्याला मालक असतो. सातबाऱ्यावरचा नव्हे, दुसरा. त्याला राखणदार म्हणतात. तो दिसत नाही, काठी टेकत चालतो. कोणी गाव सोडून निघालं की तो मागे मागे चालत शिवेपर्यंत सोडायला येतो, आणि शिवेवर पुढच्या जाग्याच्या मालकाच्या हाती देऊन माघारी फिरतो. काठीचा आवाज आला तरी वळून बघायचं नाही, एवढाच नियम. बाबा बहारीनला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांच्या हाताला सारखं काही ना काही लागत होतं. मग एका अवसेला त्यांनी गॅरेजमागच्या भिंतीवर केळीच्या पानाऐवजी पेपर प्लेटमध्ये भात ठेवला आणि सांगितलं, बाबा रे, मी परका, तुझ्या जाग्यात पोट भराक इलंय. सकाळी प्लेट स्वच्छ. त्यानंतर दर अवसेला भात, आणि तो भात खाणारा मालक आमचं मुहर्रकचं घरही राखतो, असं बाबा मानायचे. गॅरेजच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, वाटतं हा माणूस मांजरांना जेवू घालतो. तो खूश आहे. त्या राखणदाराची भाषा कोणती, तो आमचा की त्यांचा, हे बाबांनी कधी विचारलं नाही. मी विचारलं होतं, लहानपणी. "जाग्याक जात नसता गो," एवढंच म्हणाले.

तर त्या दुपारी बाबांनी चपला काढल्या, नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. बा तुबलीच्या मालका म्हाराजा, आज ह्या माझा चेडू दीपाली शिकाक परमुलखात जाता हा. तेचा काय वाकडा-नकडा असात ता दूर कर, वाटेत तेका सांभाळ.  मग म्हणाले, आणि तेच्यासोबत ऱ्हव रे म्हाराजा. खरं तर शिरीकाकांनी लगेच "व्हय म्हाराजा" म्हणायला हवं होतं. ते बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. बाबांनी डोळे उघडले नाहीत. मग शिरीकाका हळू आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा." मी मोबाइलमध्ये वेळ बघत होते. नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात कोंबून मी गाडीत बसले आणि जर्मनीचं विमान मिळालं.

बहारीनच्या मराठी मंडळींचे मला सारखे मेसेज येतात. मुलाला जर्मनीला पाठवायचंय, कसं करू? सरकारी विद्यापीठात फी खरंच नसते का? मास्टर्स इंग्लिशमध्ये होतं का, जर्मन किती लागतं, काम करता येतं का? मी सगळ्यांना नीट सांगते. बहुतेक ठिकाणी फी नाही म्हणण्यासारखीच, खर्च राहण्या-जेवण्याचा. इंग्लिशमधले कोर्स भरपूर आहेत, तरी जर्मन शिका, नाहीतर दुकानात मुके व्हाल. कागद लवकर काढायला घ्या, खोली त्याहून लवकर शोधा. एवढं मी सांगते. पुढचं आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मला खोली पहिल्याच आठवड्यात मिळाली. इथे पोरं महिनोन् महिने कोणाच्या तरी सोफ्यावर झोपतात. माझ्याबरोबर आलेला पुण्याचा मुलगा अजून युथ हॉस्टेलात होता, आणि मला विद्यापीठापासून बसने थोड्याच अंतरावर असलेल्या छोट्या गावात, एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात, वरच्या मजल्यावरची खोली. बाईंचं नाव फ्राउ ब्रिंकमान. जाहिरात तिने दिलीच नव्हती. मी चुकीच्या स्टॉपवर उतरले, पत्ता विचारायला तिची बेल दाबली, आणि तिने आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे बघितलं आणि म्हणाली, खोली आहे, आत या.

सगळंच असं सुरळीत. बर्फात सायकल घसरली, मागून ट्रक येत होता, आणि मला कोणीतरी दंडाला धरून फुटपाथवर ओढावं तशी मी कडेला पडले. दंडावर बोटांचे वळ दोन दिवस होते. पेपर सोपे गेले, लॅबमध्ये विद्यार्थी-सहायकाचं काम मागायच्या आधी मिळालं. मी स्वतःवर जाम खूश होते. आणि आवाज यायचा. बसमधून उतरून घरी चालत जाताना, दगडी फरसबंदीवर, टक्, थोडं थांबून टक्. मला वाटायचं, कुठली तरी झडप वाऱ्याने आपटते. वारा नसतानाही मला तसंच वाटायचं. माणूस सोयीचं असेल ते बरोबर मानतो.

मग फेब्रुवारीत फ्राउ ब्रिंकमानने मला जिन्यात अडवलं. चांगल्या शब्दांत बोलली, पण तक्रारीचा सूर होता. म्हणाली, तुमचे आजोबा जिना चढताना दिवा लावत नाहीत, म्हातारं माणूस, पडतील, त्यांना बटण दाखवून द्या. मला वाटलं माझं जर्मन कमी पडलं. तिला पुन्हा विचारलं. तिने तेच, हळूहळू, शब्द सुटे करून सांगितलं. आणि वर म्हणाली, काठीला खालून रबर लावायला सांगा, लाकडी पायऱ्यांना खळगे पडतात. तिने दाखवलं. पायऱ्यांवर खळगे होते. बारीक, गोल, प्रत्येक पायरीच्या उजव्या कडेला, खालपासून माझ्या दारापर्यंत.

मी दाराला आतून कडी लावली आणि पलंगावर पाय वर घेऊन बसले. हसू नका. एनव्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी मी, पण पाय खाली सोडायची हिंमत होईना. खरं सांगायचं तर भीती त्याची नव्हती. तो ओळखीचाच. शाळेची बस सोडायची त्या गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत लहानपणी रोज दुपारी हाच आवाज मागे असायचा. भीती वेगळीच होती. हा इथे आहे, तर तिथे कोण आहे?

आईला फोन केला. आई मुहर्रकच्या एका शिलाईच्या दुकानात अबायांना लेस लावते. ती बोलताना कधी रडत नाही, उलट बोलते जास्त. तिला नुसतं "सगळं ठीक ना?" विचारलं, तर धरण फुटल्यासारखी बोलत सुटली. तू गेल्यापासून भात तसाच राहतो म्हणाली. मांजर येत नाही, कावळा शिवत नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी बघावं तर तसाच, मुंगीसुद्धा नाही. उन्हात ठेवलेला भात, पण तो आंबतही नाही, वाळतही नाही. ताजाच्या ताजा. तुझे बाबा तो खाडीत टाकतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. गॅरेजात जॅक सरकला, गाडी खाली बसली. हे नुकतेच खालून बाहेर आले होते, एक चप्पल आत राहिली. नंतर हात भाजला, सलमानियाच्या हॉस्पिटलात नेलं. आणि माका चकवा लागलो, ती म्हणाली. भर दुपारी, दुकानातून घरी येताना. मी त्या गल्ल्यांतून डोळे मिटून येते गो, आणि चालतेय चालतेय तर पुन्हा तीच निळ्या दाराची भिंत. माणूस नाही, पोर नाही, गल्लीत नुसतं ऊन. शेवटी बांगेचा आवाज आला, त्या आवाजाच्या रोखाने चालत गेले तेव्हा सुटले. तुला सांगू नको म्हणाले बाबा, तुझी परीक्षा आहे.

ती बोलत असतानाच मला ते गाऱ्हाणं आठवलं, शिरीकाकांचं थांबणं आठवलं. शिवेपर्यंत पोचव, असं म्हणतात. पिढ्यान् पिढ्या तसंच म्हणतात. बाबांनी नेमकं तेच वगळलं होतं आणि सोबत राहा म्हटलं होतं.

मी बाबांना फोन लावला. त्यांना वाटलं मी अभ्यासाचं काही सांगणार. मी सरळ विचारलं, बाबा, शीव म्हणायची विसरलात का? पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "इसारलंय नाय मी." आणि म्हणाले, थय आपला कोण हा गो तुझा? थयच्या मालकाची नि आपली ओळख नाय. तो तुका कोणाच्या हातात दितलो? माझा काय, माझा झाला. तुझा आता सुरू होता.

मला असा राग आला की फोन भिंतीवर मारावासा वाटला. कोणी सांगितलं होतं यांना? स्वतः गाडीखाली झोपून काम करणार, आणि राखण माझ्यामागे लावून देणार. मला न विचारता. मी आपली समजत होते की हुशारीने सगळं मिळवलं. खोली, काम, मार्क. मी म्हटलं, त्याला परत बोलवा. ते म्हणाले, माका येत नाय तसा करूक, जेच्या हाती दिलो तेनाच सोडूक होयो. आणि तू सोडूचस नाय, खलास. फोन ठेवला.

मी दोन रात्री रडले. मग नारळ शोधायला गेले. आशियाई दुकानात एक मिळाला, हलवून बघितला, पाणी होतं. इथे प्रत्येक गावाच्या हद्दीवर पिवळा बोर्ड असतो. आत येताना त्यावर गावाचं नाव, आणि बाहेर जाताना त्याच नावावर तांबडी तिरपी रेघ. बसमधून रोज बघत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ही शीव आहे. या लोकांनी तर ती रंगवून ठेवली आहे.

दुपारीच गेले. बोर्डाच्या पुढे शेतं, त्यावर धुकं बसलेलं, आणि रस्ता त्या धुक्यात शिरून नाहीसा होत होता. घरापासून तिथवर माझ्या मागे टक्, टक् चालू होतं. मी थांबले तसं तेही थांबलं. मी बूट काढले. डांबर इतकं गार की पाय लगेच बधिर झाले. मग आईला फोन लावून तो बोर्डाच्या खांबाला टेकवून ठेवला. तिला म्हटलं, आई, गाऱ्हाण्याला होकार द्यायला कोणीतरी हवं. बायकांनी हे करायचं नसतं, ती म्हणाली.  पण तिने फोन ठेवला नाही.

मी मोठ्याने म्हटलं, कारण मनातल्या मनात म्हणायचं नसतं. बा तुबलीच्या मालका म्हाराजा, तू इतक्या लांब इलस, माका सांभाळलस. आता ही माझी शीव. हयसून पुढे माझी मी. तू माघारी जा आणि माझ्या आवशीक नि बापाशीक सांभाळ रे म्हाराजा.

 मग खांबाशी ठेवलेल्या फोनमधून आईचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ. "व्हय म्हाराजा."

नारळ एका फटक्यात फुटला. आणि माझ्या मागचा आवाज माझ्या बाजूने पुढे आला. अगदी जवळून गेला, डाव्या कानाशी कोणाचा तरी श्वास लागला. मग टक्, टक्, बोर्ड ओलांडून, रस्त्याच्या मधोमध, धुक्यात. समोर कोणी दिसत नव्हतं. खूप लांब गेल्यावर एकदा आवाज थांबला. तो थांबून मागे बघत असेल, असं मला वाटलं. मी हात हलवला नाही. हलवला असता तर तो परत आला असता. थोड्या वेळाने तो पुन्हा चालायला लागला, आणि मग ऐकू येईनासा झाला.

त्यानंतरच्या अवसेला आईने नुसता एक फोटो पाठवला, रिकाम्या प्लेटचा. बाबा मात्र महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी एकदा फोन आला. म्हणाले, "आता तुझ्या मागे कोण गो बाय?" मी म्हटलं, कोणी नाही. बाबा रडतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला माझा राग किती खोटा होता ते कळलं. मी सोडून द्यायला शिकले ती त्यांच्याकडूनच.

आता सगळं इतरांसारखं आहे. एका पेपरात नापास झाले. बस चुकते. बहारीनचं माझं रेसिडेंट कार्ड संपलं, यापुढे मी तिथे व्हिजिट व्हिसावर जाणार. देवगडचं घर पासपोर्टवरच्या पत्त्यापुरतं. इथलं कार्ड दर वेळी मुदत वाढवून घ्यायचं. घर कुठलं म्हणून कोणी विचारलं तर पूर्वी मी गडबडायचे, आता मुहर्रक सांगते. तुमच्यापैकी जे मागे राहिलेत त्यांना एवढंच सांगते, आपल्या वाटणीचं सगळं पोरांच्या बॅगेत भरून देऊ नका. आणि जे माझ्यासारखे निघून आलेत त्यांनी एकदा तपासून बघा, तुम्ही घरातून काय घेऊन आला आहात. मी इथे उघड्यावर आहे. स्टॉपवरून चालत येताना कान अजून मागे जातात, आणि मागे काहीच नसतं, साधी चाहूलही नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण तिकडे आई-बाबा झोपले आहेत, आणि त्यांच्या दाराशी कोणीतरी जागं आहे.